चार एमसी, एक अल्बम

चार एमसी, म्हणजे रॅप करणारे, आणि एक बीटमेकर, म्हणजे संगीत रचणारा, असा आमचा ग्रुप. मराठीत रॅप लिहिणारी पोरं आता गावोगावी आहेत, पण सुटं गाणं काढणं वेगळं आणि ग्रुपचा पहिला अल्बम उभा करणं वेगळं. अल्बममध्ये चार आवाज अर्धा-पाऊण तास एकत्र नांदवायचे असतात. बूथमध्ये गेल्यावर बघू म्हटलं तर ते जमत नाही. कोण किती बार (चार ठोक्यांचं एक आवर्तन) घेणार, बीट, म्हणजे गाण्याखालचं संगीत, कुणाच्या मालकीची, हुकच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या, ओळी कुणाच्या नावावर, हे माईक लावण्याआधी ठरलेलं लागतं. आम्ही ज्या क्रमाने काम केलं, साधारण त्याच क्रमाने ते इथे मांडतो.

सुरुवात लांबीपासून. स्ट्रीमिंगवाले साधारणपणे सात किंवा जास्त ट्रॅक, किंवा तीस मिनिटांहून जास्त लांबी असेल तर अल्बम म्हणतात. चार ते सहा ट्रॅक आणि तीस मिनिटांच्या आत असेल तर तो ईपी. म्हणजे तीन-तीन मिनिटांची सहा गाणी करून अल्बम म्हणून जाहिरात केली, तरी पानावर ईपी असंच दिसणार. स्किटचा, म्हणजे गाण्यांमधल्या छोट्या संवादी तुकड्यांचा, हिशोबही इथेच करून टाकावा. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही. वीस सेकंदांचं स्किट वेगळा ट्रॅक म्हणून टाकलं, तर ते पूर्ण ऐकलं जाऊनही हिशोबात येत नाही. आम्ही स्किट मागच्या गाण्याच्या शेपटीला जोडतो. पुढच्या गाण्याच्या तोंडाशी जोडलं, तर बीट पडायच्या आत ऐकणारा पुढच्या गाण्यावर जातो.

मग बारांची वाटणी. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाला, एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे सोळा बारांचा व्हर्स (एका एमसीचं कडवं) जवळपास ४३ सेकंद. चौघांनी सोळा-सोळा बार घेतले, आठ बारांचा हुक तीनदा आला आणि चार बारांचा इंट्रो ठेवला, की ९२ बार होतात. म्हणजे चार मिनिटं पाच सेकंद. दहापैकी आठ गाणी अशीच असली, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकणाऱ्याला साचा कळतो आणि पुढे कोण येणार हेही कळतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक गाण्यात चौघं घ्यायचे नाहीत. आम्ही कागदावर तक्ता केला, आडव्या ओळीत गाणी आणि उभ्या ओळीत नावं. चौघं एकत्र फक्त पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या गाण्यात, तेही बारा-बारा बार. बाकी ठिकाणी दोघं किंवा तिघं, आणि प्रत्येकाला एक एकट्याचं गाणं. बारा-बारा बारांनी तेच गाणं ७६ बारांत, म्हणजे तीन मिनिटं तेवीस सेकंदांत बसतं. वाटणीवरून ग्रुपमध्ये जेवढे वाद होतात तेवढे कशावरूनच होत नाहीत. तक्ता भिंतीवर लावलेला असला, की निदान कशावरून वाद चाललाय ते सगळ्यांना दिसतं.

लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर. मराठीत यमक फार स्वस्तात मिळतं. घराला, मित्राला, पावसाला असं ‘ला’वर संपवत गेलं, की कागदावर सगळं जुळलेलं दिसतं, पण बीटवर ठेवलं की पोकळ वाजतं, कारण जुळतो तो फक्त प्रत्यय. जुळणी आतल्या स्वरांपर्यंत न्यायला हवी. ‘पाण्याची टाकी’ला ‘वाण्याची बाकी’ जोडली, की पाचही अक्षरांचे स्वर जुळतात, आणि महिनाअखेरचं घरही डोळ्यांपुढे येतं. दुसरी अडचण क्रियापदाची. मराठी वाक्य आहे, होतं, केलं, गेलं यांवर संपतं, आणि बाराच्या शेवटी, जिथे सगळा जोर असतो तिथे, सर्वांत कमजोर शब्द येऊन बसतो. बोलताना आपण क्रियापद सहज पुढे घेतो, ‘बघितलंस का तू त्याला’ म्हणतो. लिहितानाही तसंच करायचं, म्हणजे शेवटची जागा नामासाठी मोकळी होते.

अक्षरांची संख्याही बघावी लागते. एका बारात सोळा घरं, म्हणजे अक्षर बसवायच्या जागा, असतात. ९० बीपीएमला दहा ते तेरा अक्षरं आरामात बसतात. पण ‘स्वातंत्र्य’ किंवा ‘वर्चस्व’ असे शब्द मोजायला तीन अक्षरांचे असले, तरी जिभेला दुप्पट वेळ मागतात. असे दोन शब्द लागोपाठ आले, की टेकमागून टेक (मुद्रणाचा प्रत्येक प्रयत्न) त्याच ओळीत अडकतो. आम्ही प्रत्येक व्हर्स आधी बीटशिवाय, नुसत्या मेट्रोनोमवर, अल्बमच्या वेगापेक्षा दहा बीपीएम जास्त ठेवून म्हणून बघायचो. तिथे जी ओळ तुटते ती बदलायची. आमच्यातला एक वऱ्हाडीत लिहितो, दुसरा आगरीत. त्यांना प्रमाण मराठीत ओढायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. बोली बदलली की फ्लो, म्हणजे शब्द बीटवर टाकायची ढब, बदलतो, आणि चार एमसी एकाच माणसासारखे वाटायचे थांबतात.

आता बीट. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक बीट लीजवर, म्हणजे ठरावीक वापरापुरत्या भाड्याने, असतात. एमपीथ्रीची लीज सर्वांत स्वस्त, त्यावर वॅव (न दाबलेली फाईल), त्यावर ट्रॅकआउट, म्हणजे किक आणि स्नेअर हे ड्रम, ८०८ (खोल खर्जाचा ठोका), मेलडी अशा सुट्या फायली, आणि सगळ्यांत वर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला न विकली जाणारी. एमपीथ्रीवर अल्बम करू नये. आधीच दाबून आवाज मोठा केलेली दोन चॅनेलची फाईल असते, तिच्यात आवाजासाठी जागा उरलेली नसते, आणि मिक्सवाला काहीही करू शकत नाही. लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे, व्हिडिओला आहे का, कार्यक्रमाला आहे का, हे वाचून घ्यायचं. तीच बीट आणखी दहा जणांकडे असू शकते. त्यामुळे लीजवरच्या गाण्याला यूट्यूबचं कंटेंट आयडी (गाणं कुठे वापरलं ते आपोआप ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा) लावायचं नाही. लावलं, तर त्या दहा जणांच्या व्हिडिओंवर आपला दावा जातो, किंवा त्यांच्यापैकी कुणी आधी लावलेला असेल तर आपल्याच गाण्यावर त्यांचा येतो. अल्बमची बीट ग्रुपमधल्याच माणसाने करावी किंवा एक्सक्लुझिव्ह घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सॅम्पलचा मामला याहून नाजूक. जुन्या रेकॉर्डवरचा दोन सेकंदांचा तुकडा उचलला, तरी हक्क दोन असतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि दुसरा शब्द-चालीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे १९६२ साली निघालेल्या रेकॉर्डवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२२ अखेर संपला, पण तिचा गीतकार १९८५ साली वारला असेल, तर शब्द २०४५ अखेरपर्यंत मोकळे नाहीत. ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतंय’ या भरवशावर पुष्कळ अल्बम प्रकाशनानंतर उतरवावे लागतात.

परवानगी घेतली तरी ती कशासाठी घेतली हे महत्त्वाचं. न्यूयॉर्कच्या डे ला सोल या ग्रुपचा पहिला अल्बम १९८९ साली आला आणि हिप हॉपचा मैलाचा दगड ठरला. तरीही स्ट्रीमिंगवर तो ३ मार्च २०२३ ला पोहोचला. एक मोठं कारण सॅम्पलचे जुने करार. ते झाले तेव्हा डिजिटल विक्री हा प्रकारच नव्हता, त्यामुळे करारात तो नव्हता. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने हेच कायद्यात आणलं आहे. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नाही, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल, तर हक्क दिले असं मानत नाहीत. शिवाय कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मुदत, प्रदेश आणि माध्यमं ही तिन्ही कागदावर आलीच पाहिजेत, मग कागद सॅम्पलचा असो, बीटचा असो की ग्रुपचा आपापसातला.

ग्रुपचा कागद आम्ही पहिली बीट पक्की झाली त्याच आठवड्यात केला. प्रत्येक गाण्याचं स्वतंत्र पत्रक: शब्द कुणाचे किती टक्के, संगीत कुणाचं किती टक्के, मास्टर, म्हणजे तयार ध्वनिमुद्रण, कुणाचा. शब्दांची वाटणी लिहिलेल्या बारांच्या प्रमाणात, हुक ज्याने लिहिला त्याला त्याचा हिस्सा वेगळा, आणि मास्टर पाच जणांत सारखा. मास्टरचं मुद्दाम लिहावं लागतं, कारण कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, ज्याने ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली. पुढे वाद झाला तर बीटमेकर, स्टुडिओचे पैसे भरणारा आणि ग्रुप, तिघेही तो आपणच असं म्हणू शकतात. कुणी ग्रुप सोडला तर काय, हेही लिहिलं: गायलेला व्हर्स अल्बममध्ये राहील, त्याचा हिस्सा त्याला मिळत राहील, ग्रुपचं नाव मात्र तो वापरणार नाही. आणि प्रत्येकाला एकट्याचं काम करायची मुभा. वू-टँग क्लॅनने पहिल्या अल्बमच्या वेळी लेबलशी करार करताना सदस्यांना दुसऱ्या लेबलांशी एकेकटे करार करण्याचं स्वातंत्र्य राखून ठेवलं होतं. नऊ एमसींचा ग्रुप त्याशिवाय टिकला असता असं वाटत नाही.

आमच्या दोन गाण्यांत हलगी आहे. सॅम्पल पॅकमधली नव्हे, वादकाला बोलावून मुद्रित केलेली. हलगीचं चामडं हवेतल्या दमटपणाने सैल पडतं आणि सूर उतरतो. वादक ती शेकून घेतात, सूर चढतो, आणि वाजवता वाजवता पुन्हा हळूहळू उतरतो. एका गाण्याचे सगळे टेक एकाच बैठकीत घ्यायचे आणि दर दोन-तीन टेकनंतर शेकायला वेळ द्यायचा. नाहीतर पहिल्या आणि सातव्या टेकचे तुकडे एकत्र जोडता येत नाहीत. माईक चामड्याला चिकटवला की काडीचा फटका सगळं व्यापतो. आम्ही तो पाऊण ते एक मीटरवर, जरा तिरका ठेवला, आणि शिखर −१२ डीबीच्या वर जाऊ दिलं नाही. या वाद्याचा पहिला ठोका मीटरला दिसतो त्याहून जास्त असतो.

मुख्य प्रश्न वेगाचा. वादकाच्या कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) दिली की तो क्लिककडे लक्ष देतो आणि वाजवण्यातला झोका जातो. आम्ही आधी मोकळं वाजवू दिलं, त्यातले चार बार निवडले, आणि किक-स्नेअर त्या ठोक्यांवर नेऊन ठेवले. हलगी ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या ठोक्यांच्या रेषांवर, ओढायची नाही, ग्रिडवरचा ड्रम हलगीजवळ न्यायचा. काही ठोके दहा-पंधरा मिलीसेकंद मागे पडतात, तीच तिची चाल आहे. स्नेअरशी टक्कर होते तिथे स्नेअर काढून टाकला. दोन्ही ठेवायचा हट्ट केला, तर दोन ते पाच किलोहर्ट्झमध्ये नुसता कलकलाट होतो. वादकाला त्या दिवसाचं मानधन तर द्यायचंच, पण श्रेयात नाव आणि लेखी हिस्साही. मुंबईच्या ‘स्वदेशी’ ग्रुपने आरेच्या जंगलावरच्या गाण्यात आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना घेतलं, तेव्हा त्यांचं नाव गाण्याच्या नावासोबत लागलं. तसंच व्हायला हवं.

आवाजाचं मुद्रण मोठ्या स्टुडिओतच व्हावं असं नाही, पण खोली शांत लागते. मुंबई-ठाण्याच्या इमारतीत पंखा, एसी, शेजारचा कुकर, खालचं ड्रिलिंग हे सगळं कंडेन्सर माईक ऐकतो. रात्री अकरानंतरची वेळ बरी. गाद्या-रजया लावायच्या त्या माईकच्या मागे नव्हे, एमसीच्या पाठीमागे आणि बाजूंना. कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, म्हणजे एमसीच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्यात जातो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखर −१० ते −६ डीबीच्या दरम्यान, बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ किंवा त्याखाली. बफर मोठा राहिला की एमसीला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो नकळत बीटच्या मागे पडतो. मग लोक त्याच्या तालाला दोष देतात.

पॉप फिल्टरपासून (तोंडाची हवा अडवणारी जाळी) माईक चार बोटं आणि तोंड आणखी एक वीत, असं अंतर चौघांनाही सारखं. फक्त गेन (माईकची पातळी) प्रत्येकाचा वेगळा, आणि तो वहीत लिहून ठेवलेला. आठवड्याने एक ओळ बदलायला एमसी परत येतो, तेव्हा ती वही नसेल तर नवीन ओळ वेगळ्या खोलीतली वाटते. दहा सेंटिमीटरच्या आत आलं की आवाजाचा खर्ज फुगतो. भारी आवाजाचा माणूस नेमका जवळ सरकतो, म्हणून जमिनीवर चिकटपट्टी लावून पायांची जागा ठरवली. मराठीतले भ, फ, घ, ध माईकवर हवा मारतात. तोंड दहा-पंधरा अंश तिरकं ठेवलं की सुटतं. ‘चांगला’तला च आणि ‘झोप’मधला झ पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये शिट्टीसारखे टोचतात. डी-एसर (अशी टोचणारी अक्षरं दाबणारं साधन) लावायचा, पण अख्ख्या व्हर्सवर जोरात नाही, नाहीतर स आणि श यांतला फरकच जातो. आम्ही टोचणारी अक्षरं एक-एक निवडून तीन-चार डीबी हाताने खाली घेतली. वेळखाऊ काम आहे, पण बोली स्पष्ट राहते.

प्रत्येक व्हर्सचा एक मुख्य टेक, बाराच्या शेवटच्या शब्दांपुरता डबल (तेच पुन्हा म्हणून वर बसवलेलं), आणि अ‍ॅडलिब (मधले उद्गार) वेगळ्या ट्रॅकवर. पूर्ण व्हर्सवर डबल घातला, तर चार एमसींच्या अल्बममध्ये आठ माणसं बोलताहेत असं वाटतं. ओळीमागून ओळ दोघांत वाटून घेतली असेल, तर दोघांचं मुद्रण वेगळ्या ट्रॅकवर करायचं आणि पहिल्याच्या शेवटच्या अक्षरावर दुसऱ्याचं पहिलं अक्षर किंचित चढू द्यायचं. मध्ये श्वासाएवढी फट राहिली, तरी गाण्याची पकड सुटते. सगळ्यांचा मिळून हुक असेल, तर चौघं एका माईकपासून मीटरभर लांब अर्धवर्तुळात, दोनदा वेगवेगळा घेऊन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. तोच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला, तर तो रुंद होत नाही, मध्येच मोठा होतो.

मिक्समध्ये आवाजाखाली ८० ते १०० हर्ट्झपर्यंत कट, २०० ते ४०० मधला गढूळपणा थोडा कमी, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ३:१ किंवा ४:१. रिव्हर्ब (घुमारा) अगदी कमी, त्याऐवजी ८० ते १२० मिलीसेकंदांचा छोटा डिले (प्रतिध्वनी). ८०८ ज्या सुरात आहे तो गाण्याच्या सुराशी जुळलेला आहे का, ते आधी बघायचं. खालच्या एफ सुराची मूळ कंपनसंख्या ४४ हर्ट्झच्या आसपास, आणि मोबाइलच्या स्पीकरला ती वाजवताच येत नाही. बहुतेक लोक त्यावरच ऐकणार. म्हणून ८०८ वर थोडं सॅच्युरेशन (हलकासा खरखरीतपणा) घालून त्याच्या पटीतले वरचे सूर उठवायचे, म्हणजे मूळ खर्ज न वाजताही कान तो भरून घेतो. सगळी गाणी मिक्स झाल्यावर फक्त आवाजाची पातळी ऐकण्यासाठी प्रत्येक गाण्याची वीस सेकंदं एकापुढे एक लावून ऐकली. एका गाण्यात आवाज बीटवर बसलेला आणि पुढच्यात बीटखाली दबलेला, असं असेल तर ते इथेच कळतं. मास्टरिंगला गेल्यावर ते सुधारत नाही.

मास्टरला पाठवताना मास्टर चॅनेलवरचा लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) काढायचा आणि वर ३ ते ६ डीबी मोकळे ठेवायचे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास पातळी आणतात, म्हणून आपणही तेवढाच मास्टर करायचा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हिप हॉपचे मास्टर त्याहून बरेच मोठे असतात, आणि तो दाबच त्या संगीताचा स्वभाव आहे. आम्ही −९ च्या आसपास ठेवलं आणि ट्रू पीक (लाटेचं खरं शिखर) −१ डीबीखाली.

वितरकाकडे, म्हणजे अल्बम स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, अपलोड प्रकाशनाच्या चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच गाणं. कव्हर ३००० × ३००० पिक्सेल, आरजीबी, त्यावर सोशल मीडियाचा पत्ता किंवा अल्बमच्या नावाशी न जुळणारा मजकूर नको, नाहीतर परत येतं. भाषा मराठी निवडायची. यादीत हिंदी आधी दिसते म्हणून घाईत तीच राहून जाते. ळ आणि ण असलेल्या नावांचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवून सगळीकडे तेच. आधी काढलेलं सिंगल अल्बममध्ये घेताना त्याचा जुना आयएसआरसी (मुद्रणाचा ओळख-कोड) द्यायचा, म्हणजे जुनी ऐकणी सोबत येतात. नवीन कोड पडला तर गाणं शून्यापासून सुरू होतं.

वितरकाकडून येतात ते मास्टरचे पैसे. शब्द-चालीचे पैसे आयपीआरएसकडून, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून, येतात, आणि तिथे सदस्य व्हायचं ते प्रत्येकाने स्वतःच्या नावावर, ग्रुपच्या नावावर नाही. नंतर प्रत्येक गाणं नोंदवताना पत्रकातले टक्के तसेच्या तसे भरायचे. एकाने साठ आणि दुसऱ्याने पन्नास लिहिलं, तर त्या गाण्याचे पैसे वाद मिटेपर्यंत अडकतात. पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव आणि सदस्यत्वाचं नाव एकच हवं. स्टेजचं नाव टोपणनाव म्हणून वेगळं भरता येतं.

शेवटचा मिक्स झाला त्याच दिवशी प्रत्येक गाण्याच्या पाच फायली काढून ठेवल्या: पूर्ण, शिवीविरहित, नुसती बीट, नुसता आवाज, आणि कार्यक्रमासाठीची. या पाचव्या फाईलमध्ये बीट, अ‍ॅडलिब आणि हुकचे डबल असतात, मुख्य आवाज नसतो. सुटे ट्रॅक सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे, २४ बिट वॅव, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी. वर्षभराने सॉफ्टवेअर किंवा प्लगइन बदलला की जुना प्रोजेक्ट उघडत नाही, पण या फायली कुठेही उघडतात.